उम्मीला उभं करायचंय

अल-अताया, केरकेन्ना बेट
२० ऑक्टोबर १९९६

वसीला,

तुला आणि रिधाला सलाम, मुलींना पापे. बातमी वाईट आहे, पण संकट टळल्यावर लिहितेय. तेव्हा आधी खाली बस आणि मग वाच. रिधालाही बसव.

उम्मी पडली, आपली सासू. मंगळवारी, आठ तारखेला सकाळी, कोंबड्यांना दाणे टाकायला निघाली आणि स्वयंपाकघराच्या पायरीवरून अंगणात कोसळली. एकच तर पायरी, पन्नास वर्षं चढतेय-उतरतेय. मी चुलीपाशी होते, आवाज ऐकून धावले. बघते तर उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेर वळलेलं. ती म्हणाली, "मला काही झालं नाही, आधी कोंबड्या आत घे."

तौफीक समुद्रावर होता. ऑक्टोपसचा मोसम नुकताच सुरू झालाय, त्यामुळे घरात पुरुषमाणूस नाही. शेजारच्या सालेहनं त्याच्या टेम्पोत गादी टाकली आणि आम्ही तिला बेटाच्या दुसऱ्या टोकाला धक्क्यावर नेलं. वारा असा सुटला होता की त्या दिवशी बोट निघालीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी स्फाक्सच्या हॉस्पिटलात पोचलो आणि ऑपरेशन झालं ते शनिवारी. खुब्यात लोखंडाचा खिळा घातलाय. डॉक्टर म्हणाला, "हाड झकास बसलंय, आजी लग्नात नाचेल."

काल घरी आणली. मोठ्या खोलीत, माझ्या लग्नातल्या पलंगावर निजवलीय. आता तिला काडी उचलू देणार नाही. ऐंशी वर्षं राबली, आता राणीसारखी पडून राहू दे.

रिधाला म्हणावं, धावत येऊ नकोस, सगळं नीट झालंय. तुझ्या शिवणाच्या कारखान्यात एखादी जाड रजई मिळाली तर पाठव. म्हातारीला थंडी फार वाजते.

शाद्लिया


मार्सेय
३१ ऑक्टोबर १९९६

लल्ला शाद्लिया,

तुमचं पत्र वाचून रिधा नळापाशी जाऊन उभा राहिला. नळ सोडला आणि पाण्याकडे बघत राहिला. मीच शेवटी बंद केला. तुम्ही आणि तौफीकभाऊंनी जे केलंत त्याचे उपकार कसे फेडू? रजई पाठवतेय.

आमच्या मजल्यावर एक बाई राहते. ती म्हाताऱ्या माणसांच्या हॉस्पिटलात काम करते. तिला मी उम्मीचं सांगितलं तर तिनंच मला प्रश्न विचारले. मला उत्तरं देता आली नाहीत, म्हणून तुम्हाला विचारते. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी उम्मीला कोणी उभं केलं होतं का? आता पलंगावरून उतरते का? स्वतःच्या हातानं खाते का? माणसं ओळखते ना? आणि याआधी कधी पडली होती का?

ती बाई म्हणते की ऑपरेशन नीट झालं म्हणजे अर्धंच काम झालं. पडून राहिलं तर दहा दिवसांत जेवढी ताकद जाते तेवढी दहा महिन्यांत परत येत नाही, म्हाताऱ्या माणसाची तर नाहीच.

रागावू नका. काळजीपोटी विचारतेय.

तुमची
वसीला


अल-अताया
१२ नोव्हेंबर १९९६

वसीला,

रजई मिळाली. छान आहे. शिलाई मात्र तुझी वाटत नाही, एवढी सरळ तुला कधी जमली?

तुझी शेजारीण फार चौकशा करते. सांग तिला. हॉस्पिटलात एक माणूस उभं करायला आला होता. उम्मी अशी ओरडली की तो परत फिरकला नाही. घरी आम्ही तिचं पाऊल जमिनीला लागू दिलेलं नाही. मी भरवते, पुसते, पाण्याचा पेलाही तोंडाला मीच लावते. खाते चिमणीएवढं. पण म्हाताऱ्या माणसाला भूक असते कुठे? आणि आधी कधी पडली नव्हती. मांजरीसारखी चालायची, तू उन्हाळ्यात पाहिलंसच.

ओळखण्याचं म्हणशील तर हॉस्पिटलात पहिले तीन दिवस भलतंच झालं होतं. हातातली सुई उपटली, नर्सला चोर म्हणाली, तौफीकला "अब्दस्सलाम, होडी बांधलीस का?" असं विचारलं. सासरे जाऊन एकोणीस वर्षं झाली! तौफीक बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकून रडला. त्याला वाटलं आईचं डोकं गेलं ते गेलंच. पण आता तसलं काही नाही, अल्हम्दुलिल्ला. अगदी शांत झालीय. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असते. काही विचारलं तर "हं" म्हणते. तान्हं मूलही इतकं शांत नसतं.

गाव येऊन भेटून जातंय. सगळ्या म्हणतात, शाद्लिया, तुझ्यासारखी सून मिळायला नशीब लागतं.

शाद्लिया


मार्सेय
२० नोव्हेंबर १९९६

लल्ला शाद्लिया,

घाईत लिहितेय, पत्र आजच टाकायचंय.

शांत झाली हे चांगलं लक्षण नाही. ओरडत होती तेव्हा निदान भांडायची ताकद होती. कृपा करून एवढं करा. पत्र वाचून झालं की तिचं पांघरूण काढा आणि दोन्ही टाचा बघा. मग कुशीवर वळवून कंबरेखाली माकडहाडापाशी बघा. कातडी लाल दिसली आणि बोटानं दाबूनही लाली गेली नाही, तर तिथे जखम सुरू झालीय. दर दोन-तीन तासांनी कूस बदला आणि टाचा उशीवर अधांतरी ठेवा.

आणि तिला बसवा, उभी करा. तशीशची, जवाच्या भरडीची पेज पाण्यासारखी पातळ पाजू नका. दाट करा, त्यात मासळी घाला, दोन अंडी घाला. भाजलेल्या जवाचं पीठ तेलामधात कालवून सकाळी द्या. चिमणीएवढं खाते तर दिवसातून सहा वेळा द्या. भूक नसते हे खरं, पण तिच्या शरीराला आत्ता बाळंतिणीहून जास्त लागतं.

शेजारीण म्हणाली, तिला आत्ता दया नको, उठवणारं माणूस हवं.

वसीला


अल-अताया
१ डिसेंबर १९९६

वसीला,

तुझ्या शेजारणीचा हुकूम आम्ही पाळला. परवा मी आणि तौफीकनं उम्मीला बगलेत धरून उचललं. तिनं किंकाळी फोडली ती शेजारच्या दलेंदाच्या घरापर्यंत गेली. "आई आहे ती माझी, बैल नाही," तौफीक म्हणाला आणि तिला परत निजवून बाहेर निघून गेला. दलेंदा धावत आली. तिनं सालेहला सांगितलं, सालेहनं चहाच्या दुकानात सांगितलं. आता गावात मी सासूला मारणारी सून झालेय. झालं समाधान?

टाचेवर फोड आहे, उजव्या. पावलीएवढा. रमल्याच्या दवाखान्यातला नर्स आठवड्यातून दोनदा येऊन मलम लावतो. तेवढं तुझं बरोबर निघालं, ते मी नाकारत नाही.

पण एक विचारते. तू तिथे शिलाई मशीनवर बसून हुकूम सोडतेस, इथे तिचे कपडे मी बदलते. अकरा वर्षांत तुम्ही पाच वेळा आलात. उन्हाळ्यात यायचं, अंजिरं खायची, म्हातारीला एकदा न्हाऊ घालून फोटो काढायचे आणि बोटीत बसायचं. तुझी स्वतःची आई असती तर तू तिला अशी उठवली असतीस? परक्या बाईनं जिन्यात उभं राहून काहीतरी सांगायचं आणि ते मी इथे हाडामांसाच्या माणसावर करून बघायचं?

यापुढे तिच्या तब्येतीबद्दल मला शिकवू नकोस. मुलींचं लिही, हवापाण्याचं लिही.

शाद्लिया


मार्सेय
९ डिसेंबर १९९६

शाद्लिया,

शेजारीण कोणी नाही. ती मीच.

मी शिवणकाम करत नाही. पहिली दोन वर्षं केलं, मग तो कारखाना बंद पडला. गेली नऊ वर्षं मी म्हाताऱ्या माणसांच्या हॉस्पिटलात काम करते. त्यांना धुते, पुसते, भरवते, संडासला नेते, उभं करते. बायांना आणि पुरुषांनाही. हो, पुरुषांनाही. रिधाला माहीत आहे. गावात कळलं तर तोंड कसं दाखवायचं म्हणून त्यानं मला शपथ घातली होती. आणि सगळं त्याच्यावर ढकलणंही खोटं होईल, लाज मलाही वाटत होती. रजई मी दुकानातून विकत आणली.

तू विचारलंस, स्वतःची आई असती तर? माझी आई मी बाराव्या वर्षी गमावली, ते तुला माहीत आहे. मी दुसऱ्या एका आईचं सांगते. कामावर लागले त्या वर्षी एक मादाम ओबेर होती. खुबा मोडलेला, ऑपरेशन उत्तम. तिचा मुलगा रोज येऊन उशाशी बसायचा आणि आम्हाला तिच्या अंगाला हात लावू द्यायचा नाही. "दुखतंय तिला, राहू द्या, उद्या बघू." आईवर इतकी माया करणारा मुलगा मी पाहिला नाही. सहाव्या आठवड्यात तिच्या कंबरेला माझी मूठ जाईल एवढी जखम होती. मग छाती भरली आणि गेली. हाड मात्र छान जुळलं होतं.

आता दुसरं. हे मी रिधालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सगळ्यांना वाटतं, उम्मी पडली म्हणून खचली. खरं तर ती आधीपासून खचत होती, म्हणून पडली. ऑगस्टमध्ये मी तिला न्हाऊ घातलं तेव्हा तिचा दंड माझ्या मनगटाएवढा लागला. पाण्याचा तांब्या ती दोन्ही हातांनी उचलत होती. खुर्चीतून उठायला तिला तीन झोके घ्यावे लागत होते. मी हे रोज बघते, त्यामुळे मला पहिल्याच दिवशी कळलं. तेव्हाच बोलले असते तर पायरीला कठडा लागला असता, खाण्याकडे लक्ष गेलं असतं, डॉक्टरला दाखवलं असतं. कदाचित तरीही पडली असती. पण मी बोललेच नाही. "तुला कसं कळतं गं?" हा प्रश्न कुणीतरी विचारला असता. मी माझी लाज वाचवली.

म्हणून आता गप्प बसणार नाही, तू कितीही शिव्या दे.

उचलू नका. तिथेच तुमचं चुकलं. बगलेत धरून उचललं की सगळं वजन खुब्यावर येतं आणि जीव घाबरतो. दुखण्याची गोळी अर्धा तास आधी द्या. तौफीकभाऊंना खोलीबाहेर ठेव. मुलाला बघितलं की आई जास्त रडते. दलेंदाला मदतीला घे, म्हणजे गावात सांगायला तीच साक्षीदार होईल. आधी पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसवा, चक्कर ओसरू द्या. समोर जड खुर्ची ठेवा, पाठ तिच्याकडे करून. कंबरेला शाल घट्ट बांधा आणि ती शाल दोघींनी धरा, हात नाही. मग तिला सांग, पुढे वाक आणि खुर्ची धरून तू ऊठ. जोर तिनं लावायचा, तुम्ही फक्त पडू द्यायचं नाही. पहिल्या दिवशी दहा आकडे मोजेपर्यंत उभी राहिली तरी पुष्कळ. संध्याकाळी परत. रोज.

रडेल. दुखेलही. त्या दुखण्यानं मरणार नाही, पलंगावर मात्र मरेल.

वसीला


अल-अताया
१४ जानेवारी १९९७

वसीला,

पत्र मिळालं त्या दिवशी तीनदा वाचलं आणि पिठाच्या डब्यात लपवलं. महिनाभर उत्तर लिहिलं नाही. आधी राग आला तो तुझ्या कामाचा. परक्या पुरुषांना धुते! मग राग आला तो या गोष्टीचा की लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदाच तू मला 'लल्ला' न म्हणता नुसतं नावानं हाक मारलीस. मग हळूहळू दोन्ही राग ओसरले आणि उरलं ते खरं होतं.

म्हणून माझंही खरं ऐक. ती आधी दोनदा पडली होती. एकदा मागच्या रमजानात विहिरीपाशी, एकदा सप्टेंबरात, तुम्ही गेल्यावर पंधरा दिवसांनी. दुसऱ्या वेळी मनगट सुजलं होतं. तिनं मला कुराणावर हात ठेवायला लावला, "मुलांना सांगायचं नाही. सांगितलंस तर माझ्या कोंबड्या विकतील आणि मला खोलीत बसवतील." मी सांगितलं नाही. जेवणाचंही तसंच. ती पोळीचा तुकडा मोडायची आणि पदराआड मांजराला द्यायची. मला दिसत होतं. मी म्हणायचे, वय झालं. म्हणजे ऑगस्टमध्ये तू गप्प होतीस आणि सप्टेंबरात मी.

आता उभं करण्याचं सांगते. बावीस डिसेंबरला सुरुवात केली. गोळी दिली, दलेंदाला बोलावलं, शाल बांधली. तौफीकला अंगणात बसवलं आणि बजावलं, "आत आलास तर माझ्याशी गाठ आहे." तो ऑक्टोपस पकडायच्या मडक्यांचे दोर बांधत भिंतीपलीकडे बसला. उम्मीला कडेला बसवली तर डोळे फिरवायला लागली. थांबलो. मग मी म्हटलं, "उम्मी, पुढे वाक, खुर्ची धर."

"सोड मला! मारतात गं मला! तौफीक! अरे तौफीक! या बाईला सोडचिठ्ठी दे, आजच्या आज माहेरी पाठव हिला!"

मी म्हटलं, "बावन्न वर्षांची झाले, माहेर उरलंय कुठे? ऊठ आधी."

भिंतीपलीकडून तौफीक म्हणाला, "उम्मी, तू आधी उभी राहा, मग देतो सोडचिठ्ठी." आवाज रडवेला होता, पण बोलला.

दलेंदाला हसू फुटलं. मला वाटलं शाल सुटते आता. आणि म्हातारी रागारागात उठली. खरंच उठली. पाय लटपटत होते, घामानं निथळत होती. दलेंदानं मोजायला सुरुवात केली. सातवर आली असेल-नसेल, उम्मी खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "ते सालेहचं गाढव आपल्या अंजिराला तोंड लावतंय. कुणाचं लक्ष आहे का नाही या घरात?"

दोन महिन्यांत तिच्या तोंडून निघालेलं हे पहिलं धड वाक्य. मी बसून रडले. दलेंदा गाढव हाकलायला पळाली.

तेव्हापासून रोज दोनदा. मधे आठ दिवस ताप आला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. आता खुर्ची ढकलत चार पावलं टाकते. टाचेचा फोड सुकत आलाय. रमजान लागल्यावर हट्ट धरला, रोजे ठेवणार. इमामसाहेबांना घरी बोलवावं लागलं. ते म्हणाले, "लल्ला मनूबिया, आजाऱ्याला माफी आहे." तर त्यांनाच म्हणते, "मी आजारी नाही, माझं हाड आजारी आहे." मी म्हटलं, "तीन महिने उपाशीच आहेस, अल्लाहनं ते रोजे धरले असतील." तेव्हा कुठे अंडं खाल्लं.

आणि तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. सगळं, काही न गाळता. आधी ठरवलं होतं की तुझ्या कामाचा भाग गाळायचा, पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती, गाळता आलं नाही. मग म्हणाली, "नऊ वर्षं परक्यांच्या आयांना हातानं धुतेय आणि स्वतःच्या सासूला पत्रातून? ये म्हणावं तिला."

हे तिचे शब्द, माझे नाहीत. पण मीही तेच म्हणते. माझी पाठ मोडलीय, वसीला.

शाद्लिया


मार्सेय
२४ जानेवारी १९९७

लल्ला शाद्लिया,

तीन आठवडे रजा मिळाली. ईद झाली की दुसऱ्या दिवशीच्या बोटीनं निघते, पुढे ट्यूनिसहून आगगाडी. बरोबर अ‍ॅल्युमिनियमचा चार पायांचा वॉकर आहे, धक्क्यावर कुणी हसलं तर हसू दे. तिकीट रिधानं काढलं. नेहमी निघताना म्हणतो तसं "तिकडे काही बोलू नकोस" या वेळी म्हणाला नाही.

वसीला


मार्सेय
८ मार्च १९९७

लल्ला शाद्लिया,

पोचले. कामावरही रुजू झाले. पहिल्याच दिवशी एका नव्या म्हातारीला उभं करताना तोंडातून "उम्मी" निघालं आणि तिनं ओ दिली.

तुमच्या घरात पाऊल टाकलं तेव्हा उम्मीनं मला बघून पहिलं काय म्हटलं ते तुम्ही ऐकलंत, "हात धुऊन ये." त्याआधी ती बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होती. त्यानंतर मात्र तिनं मला एकदाही अडवलं नाही. तुम्हाला जेवढ्या शिव्या मिळाल्या त्यातली एकही माझ्या वाट्याला आली नाही, याचा थोडा हेवा वाटला. शिव्या घरच्या माणसाला मिळतात.

तौफीकभाऊंनी पायरी बुजवून केलेला उतार आणि भिंतीला ठोकलेला खजुरीचा दांडा माझ्या हॉस्पिटलातल्या दांड्यापेक्षा पक्का आहे. चटया परत अंथरू नका, कितीही उघडंबोडकं वाटलं तरी. टाच नसलेल्या सपाता तर जाळूनच टाका.

एक गोष्ट तिथे असताना तुम्हाला सांगितली नाही. मी निघायच्या आदल्या दिवशी तिला न्हाऊ घालत होते. ती म्हणाली, "वसीला, खरं सांग. तुझ्या त्या म्हाताऱ्या बऱ्या होतात का?"

मी म्हटलं, "काही होतात."

"आणि बाकीच्या?"

मी म्हटलं, "बाकीच्या काही दिवस उभ्या राहतात, उम्मी."

तिनं पाठ माझ्याकडे केली. म्हणाली, "मग तेवढं कर. मला पडून जायचं नाहीये."

लल्ला शाद्लिया, ती पहिल्यासारखी होणार नाही. विहिरीपर्यंत जाणार नाही, कोंबड्यांचं एकटीनं करणार नाही. खुबा मोडून आमच्याकडे येणाऱ्यांत असे कितीतरी असतात जे वर्ष पुरं करत नाहीत, आणि जे आधीच खंगलेले असतात त्यांचं तर विचारूच नका. तुम्ही कमी पडलात म्हणून नव्हे. दर हिवाळ्याला, दर तापाला ती थोडी थोडी खाली उतरेल. प्रत्येक वेळी पुन्हा चढवता येईल तेवढं चढवायचं, बस. हे आत्ता लिहितेय ते एवढ्यासाठी की उद्या काही झालं तर तुम्ही स्वतःला बोल लावू नये.

आणि आठवड्यातून एक दुपार दलेंदाला बसवून तुम्ही समुद्रावर जा. तुम्ही उभ्या असलात तर ती उभी राहील.

वसीला


अल-अताया
१२ जून १९९७

वसीला,

आज उम्मी दारापर्यंत गेली. आतल्या नव्हे, रस्त्यावरच्या. वॉकर टेकत, मधे दोनदा थांबत, मला "मागे मागे येऊ नकोस, मी काय बकरी आहे?" असं झिडकारत. उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसली आणि तासभर येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारल्या. सालेहला गाढवावरून झापलं. आठ महिन्यांचं साठलेलं सगळं एका तासात बोलली. परत आणताना मात्र पाय उचलेनात, तौफीकनं खुर्चीसकट आत आणली. दोन दिवस अंग दुखेल. दुखू दे.

अंडी खाते, पण कोंबडी कोणती ते विचारून. ऑगस्टमध्ये तुम्ही सगळे येताय हे तिला सांगितलंय. रिधासाठी सुकवलेला ऑक्टोपस बाजूला काढून ठेवायला लावलाय.

मी समुद्रावर जाते. दर गुरुवारी. काही करत नाही, नुसती पाण्यात पाय सोडून बसते.

शाद्लिया


अल-अताया
२३ सप्टेंबर १९९७

वसीला,

फोनवर तू आणि मी दोघी रडत होतो, त्यामुळे धड काही सांगता आलं नाही. आता सांगते.

चौदा तारखेला, रविवारी, खोकला सुरू झाला. सोमवारी ताप. नर्स आला, इंजेक्शन दिलं, म्हणाला स्फाक्सला न्या. उम्मी म्हणाली, "बोटीत बसणार नाही." तौफीकनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तिला विचारलंय, तिनं सांगितलंय. मंगळवारी सकाळी तिनं मला हाक मारून उठवायला सांगितलं. शाल बांधली, उभी राहिली, माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून. मोजलं नाही. मग म्हणाली, "बस." ते शेवटचं उभं राहणं. बुधवारी दिवसभर झोपेत होती आणि गुरुवारी दुपारच्या नमाजाच्या सुमाराला गेली. मी आणि तौफीक दोघंही जवळ होतो. त्रास झाला नाही. रिधा दफनाला पोचू शकला नाही याचं त्याला किती लागलंय ते कळतं. पण ऑगस्टमध्ये त्यानं तिला हाताला धरून अंगणात फिरवलं होतं, ते तिनं नंतर आल्या-गेल्याला सांगितलं. त्याला हे नक्की सांग.

मी तुझं मार्चमधलं पत्र काढून पुन्हा वाचलं. बोल लावत नाही स्वतःला. जवळजवळ लावत नाही.

आता एक गोष्ट राहिली, ज्यासाठी हे पत्र. शेवटची आंघोळ घालायला बेया आली. ती चाळीस वर्षं या गावातल्या बायकांना न्हाऊ घालून पाठवतेय. खोलीत आम्ही सात-आठजणी होतो, दलेंदा होती, इमामसाहेबांची बायको होती. बेयानं तिला कुशीवर वळवलं, पाठीवरून पाणी सोडलं आणि हात फिरवता फिरवता थांबली. म्हणाली, "खुबा मोडून वर्षभर काढलेल्या बायका माझ्या हाताखालून गेल्यात. त्यांची पाठ बघवत नाही. हिच्या अंगावर एक ओरखडा नाही. कोणी सांभाळली हिला?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. दलेंदा तोंड उघडणार होतीच, माझंच नाव घ्यायला.

मी म्हटलं, "माझ्या जावेनं. मार्सेयला ती म्हाताऱ्या माणसांच्या हॉस्पिटलात काम करते. त्यांना धुते, पुसते, उभं करते. बायांना आणि पुरुषांनाही. मला जे येतं ते तिनं शिकवलंय."

इमामसाहेबांच्या बायकोनं पदर सारखा केला. बेयानं तांब्या भरून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तिकडून तू घाल. तुझ्या जावेच्या वाटचं."

मी घातलं.

तुझी
शाद्लिया